पेन्शन विकावी का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसानं पैशाअडक्यावर बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल. पण मी कवी आहे तो संध्याकाळनंतरचा. दिवसभर गेली तीस वर्षं मी एका जिल्हा परिषदेच्या कचेरीत फायली हलवतो आहे. वय 57. पुढल्या वर्षी निवृत्ती. त्यामुळे पेन्शनचे कागद हाती आले आहेत आणि त्यातल्या एका रकान्यापाशी माझं पेन अडलं आहे. निवृत्तिवेतनाच्या किती टक्के भागाचं अंशराशीकरण करू इच्छिता, असा तो प्रश्न. कचेरीत इतकी वर्षं काढूनही हा शब्द मला कधी गोड लागला नाही. अर्थ मात्र साधा आहे. दरमहाच्या पेन्शनचा काही भाग सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात आजच एकरकमी पैसे घ्यायचे. जास्तीत जास्त 40 टक्के भाग असा सोडता येतो.

या रकान्याचा सुगावा एका विमा प्रतिनिधीला माझ्याआधीच लागला होता. मोहल्ल्यातलाच मुलगा, लहानपणी आमच्या ओट्यावर गोट्या खेळायचा. आता इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, "चाचा, पूर्ण चाळीस टक्के काढा. आलेली रक्कम आमच्या कंपनीच्या पेन्शन योजनेत टाका. आयुष्यभर पेन्शन, आणि मुद्दल पोरांना परत. सरकारचा काय भरवसा?" मुलगा लबाड नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलत होता. त्या रात्री मी कवितेची वही बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर आकडे मांडले. आज तुमच्यापुढे ठेवतो आहे तो त्याच कागदावरचा हिशेब.

समजा, मूळ पेन्शन 30,000 रुपये. तिचे 40 टक्के म्हणजे 12,000. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचं पुढल्या वाढदिवसाचं वय 59 धरतात आणि त्या वयासमोर कोष्टकात 8.371 हा आकडा आहे. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले 8.371 केलं की 12,05,424 रुपये होतात. बारा लाखांच्या वर! आयुष्यात एवढी रक्कम एकदम पाहिली नाही, त्यामुळे डोळे दिपतात. या रकमेवर सरकारी नोकराला प्राप्तिकरही नाही.

आता सुटतं काय ते पाहा. दरमहा 12,000 सुटतात, पण कायमचे नव्हेत. पंधरा वर्षांनी विकलेला भाग पुन्हा पेन्शनमध्ये जोडला जातो. महागाई वाढ कापली जात नाही, ती मूळच्या 30,000 वरच मिळते. समजा ती 50 टक्के असेल, तर 18,000 अधिक 15,000 असे 33,000 हाती येतील. पुष्कळांचा इथेच गैरसमज असतो, आमच्या कचेरीतही आहे. तिसरी गोष्ट बायकोच्या काळजीची. माणूस मध्येच गेला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून एक पैसाही कापला जात नाही, आणि घेतलेली रक्कम परत मागत नाहीत.

म्हणजे हे कर्जच, पण माणसाबरोबर मिटणारं. याचा व्याजदर काढला तर, पंधरा वर्षं पूर्ण जगलेल्या माणसाला तो सुमारे पावणेनऊ टक्के पडतो. बारा हजारांच्या हप्त्यानं घेतलेले बारा लाख नुसत्या बेरजेनं आठ वर्षं चार-पाच महिन्यांत फिटतात. त्यापुढचे साडेसहा वर्षांचे हप्ते म्हणजे सरकारचं व्याज. त्यामुळे ज्याची तब्येत खरोखर ढासळलेली आहे, त्याला ही विक्री फायद्याची ठरते. त्यानं संकोच करू नये. आणि अर्ज निवृत्तीपासून वर्षाच्या आत करावा, कारण नंतर वैद्यकीय तपासणी लागते आणि वय वाढलं की कोष्टकातला आकडाही उतरतो.

मग माझ्या भाच्यासारख्या त्या मुलाच्या योजनेचं काय? विमा कंपन्या जी पेन्शन देतात तिला वार्षिकी म्हणतात. मुद्दल वारसांना परत देणाऱ्या वार्षिकीचा दर आपण सोयीसाठी सात टक्के धरू. बारा लाख पाच हजारांवर वर्षाला सुमारे 84,400, म्हणजे महिन्याला 7,032 रुपये. सोडले 12,000 आणि आले 7,032. दरमहा जवळपास 5,000 रुपयांची खोट, तीही 180 महिने. आणि बहुतेक वार्षिकींचा आकडा पहिल्या महिन्यात जो लिहिला तोच शेवटपर्यंत. दरवर्षी थोडी वाढणारी वार्षिकीही मिळते, पण मग सुरुवातच कमी रकमेनं होते.

"पण चाचा, मुद्दल राहतं ना!" मुलानं हेच म्हटलं, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. सोळाव्या वर्षी बारा हजार परत सुरू होतात, वार्षिकीही चालू राहते आणि वारसांना बारा लाख मिळायचे असतात. म्हणून मी उलटा हिशेब केला. काहीच न विकता पूर्ण पेन्शन घेतली आणि खोटीचे तेच 4,968 रुपये दरमहा साध्या आवर्ती ठेवीत टाकले, व्याज साडेसहा टक्के धरलं, तर पंधरा वर्षांत सुमारे 15 लाख साठतात. तिकडे 12, इकडे 15. शिवाय इकडचे पैसे मध्येच अडचण आली तर मोडता येतात. वार्षिकीत अडकलेलं मुद्दल सहसा इतकं सहज हाती येत नाही. तिकडच्या पारड्यात एकच वजन उरतं. पहिल्या काही वर्षांतच मृत्यू आला तर घरच्यांजवळ बारा लाख असतात, आणि ठेवीत तेव्हा थोडेच साठलेले असतात. हे वजन खरं आहे, आणि ते ज्यानं त्यानं आपल्या नाडीवर हात ठेवून तोलायचं.

थोडक्यात, सरकारला ठरावीक रुपये पावणेनऊच्या भावानं विकायचे आणि कंपनीकडून ठरावीक रुपयेच सातच्या भावानं विकत घ्यायचे, असा हा व्यापार. बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा असा सौदा करणार नाही. पैसे काढायचेच ठरले, तर निदान ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी पाहावी. एप्रिल 2023 मध्ये तिची मर्यादा 30 लाखांवर गेली आणि दर 8.2 टक्के झाला. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण आपण पैसे ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. आणि विम्याची पॉलिसी भरात येऊन घेतलीच असेल, तर कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. पूर्वी 15 दिवस होते, 2024 पासून वाढवले.

आमचे अब्बा प्राथमिक शिक्षक होते. 1985 साली निवृत्त झाले. तेव्हा एक तृतीयांश भाग विकता यायचा. त्यांनी पेन्शनमधले 180 रुपये विकले, वीस-बावीस हजार आले. त्यात आपाचं लग्न झालं आणि घरावर नवी कौलं चढली. मग 2000 साली एका महिन्यात ते 180 रुपये परत आले. अब्बांनी पेढे आणले. पण तोवर पेन्शन दोन हजारांच्या वर गेली होती आणि 180 रुपयांत महिन्याचं दूधही येत नव्हतं. विकलेला तुकडा पंधरा वर्षांत जागच्या जागी सुकला होता. पेन्शनचं बाकीचं झाड मात्र महागाई वाढीनं आणि वेतन आयोगांनी वाढलं. विकलेल्याबद्दल अब्बांना कधी पस्तावा वाटला नाही, कारण लग्न आणि छप्पर पुढे ढकलता येत नव्हतं. पण तेच पैसे त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊन महिन्याला ठरावीक आकडा घेतला असता, तर तोही तसाच सुकला असता.

पंधरा वर्षांनी परत मिळण्याचा हा नियम आपोआप आलेला नाही. आधी विकलेला भाग जन्मभरासाठी जायचा. 'कॉमन कॉज' या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर 1986 मध्ये पंधरा वर्षांची मुदत मान्य झाली. सार्वजनिक उपक्रमांत कायमचे गेलेले केंद्राचे काही कर्मचारी होते. त्यांना सगळीच पेन्शन एकरकमी घेण्याची मुभा होती आणि अनेकांनी ती घेतली. पुढे भाव चढू लागले, पेन्शनीतले सोबती सुखात दिसू लागले, आणि हे लोक न्यायालयाच्या पायऱ्या चढले. डिसेंबर 1995 मध्ये त्यांना दिलासा मिळाला, पण तोही एक तृतीयांश भागापुरता.

अब्बा व्याजाचा पैसा घरात येऊ देत नसत. पेन्शनबद्दल मात्र त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. "ही माझ्या खडूची कमाई आहे, थोडी मागे ठेवलेली," असं म्हणायचे. सर्वोच्च न्यायालयानंही 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात जवळपास हेच सांगितलं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे. त्या तारखेला आजही पेन्शनर मंडळी एकत्र जमतात.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्या बहुतेकांपुढे माझा हा रकानाच नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, लहान रकमा सोडल्या तर, साठलेल्या पैशातल्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी विमा कंपनीकडून घ्यावीच लागते. आमच्या कचेरीतले तरुण सहकारी 2023 च्या मार्चमध्ये संपावर गेले, तेव्हा त्यांच्या घोषणांमागे हाच हिशेब होता. त्यांना जे नाइलाजानं घ्यावं लागतं, ते मी हौसेनं घ्यावं, असं तो इस्त्रीचा शर्ट मला सांगत होता.

माझं घर पतसंस्थेच्या कर्जावर उभं आहे. चार लाख बाकी, व्याज अकरा टक्के. अकराचं कर्ज पावणेनऊच्या पैशानं फेडणं मला पटतं. म्हणून मी रकान्यात चाळीस न लिहिता साडेतेरा टक्के लिहिले. महिन्याचे 4,050 सुटतील, 4,06,831 येतील. प्रकृतीचं म्हणाल तर थोडी साखर आहे, पण अब्बा एकोणनव्वद वर्षं जगले.

पत्नीला सगळा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "टक्के तुम्ही ठरवा. पण तुमच्या सेवापुस्तकात माझ्या नावापुढे 'बी' लिहिलंय आणि आधारवर 'बेगम'. आधी ते दुरुस्त करा." उद्या रजा टाकून मी त्याच कामाला लागणार आहे.