हनुवटी एका बाजूला का सरकते?

कानासमोर बोट टेकवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली हलते ते खालच्या जबड्याचे डोके. कवटीच्या खळग्यात ते आधी फिरते, मग पुढे घसरते. मध्ये एक चिवट चकती असते, म्हणून हाडावर हाड घासत नाही.

या सांध्यात क्वचित गाठ होते. कर्करोग नव्हे, साधी आणि सावकाश वाढणारी. पण हे सावकाश वाढणेच फसवे! हनुवटी हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकते, गाठीकडचे दात एकमेकांना लागेनासे होतात. घरची माणसे म्हणतात, “दातच वाकडे आलेत.” मग चांगली दाढ उपटली जाते, नाहीतर कानात तेल पडते, गाठ जागच्या जागी. शिक्षकांना असा मुलगा दिसला तर दोनतीन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी धरून पाहावा.

अशा वेळी पहिले साधन साधे क्ष-किरण चित्र. डोक्याभोवती यंत्र फिरवून घेतलेल्या चित्रात दोन्ही सांधे एकदम दिसतात, डाव्या-उजव्याची तुलना होते. मात्र हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. सी. टी. यंत्र मुळ्याच्या चकत्या कराव्यात तशी आडवी चित्रे देते. १९७१ साली लंडनमध्ये ते प्रथम रुग्णासाठी वापरले गेले.

चित्रात पाहायचे काय? एक गाठ हाडाची, वर कूर्चेची टोपी असलेली. (डॉक्टरी नाव ऑस्टिओकॉन्ड्रोमा, लक्षात नाही राहिले तरी चालेल.) गुडघ्याजवळच्या हाडांत ती पुष्कळदा आढळते, जबड्यात विरळा. खोडाला फांदी फुटावी तशी ती असते: हाडाची कठीण साल आणि आतला मगज खंड न पडता गाठीत शिरतात. ही खूण सी. टी. त स्पष्ट दिसते. उलट, सबंध डोकेच आपला घाट न सोडता मोठे झाले असेल, तर ती गाठ नव्हे, हाडाची अतिवाढ. तिचा विचार वेगळा.

दुसऱ्या प्रकारात सांध्याच्या अस्तरातून कूर्चेचे दाणे सुटतात. त्यांत चुना साठला नसेल तर क्ष-किरण चित्र स्वच्छ येते, आणि माणूस दुखण्याने हैराण! इथे एम. आर. आय. हवे. चुंबकाच्या जोरावर चालणारे हे यंत्र कूर्चा, चकती, सांध्यातले पाणी दाखवते. खळग्याचे छत पातळ असते. ते झिजवून असा विकार कवटीत शिरल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा ‘साधी गाठ’ हा शब्द जरा जपूनच घ्यावा.

पक्का निर्णय लागतो तो काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. आणि दवाखान्यात जाताना जुनी चित्रे असतील ती बरोबर न्यावीत. गाठ वाढते आहे की थांबली आहे, हे एका चित्रावरून समजत नाही.