पॉवर स्टिअरिंग बंद करून इंधनबचत : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमरावती व अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे एकमेकांपासून सुमारे 100 किलोमीटर अंतरावर असून राष्ट्रीय महामार्ग क्र. 53 (पूर्वीचा क्र. 6) त्यांना जोडतो. जून 2022 मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकण्यात आला व त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. सपाट प्रदेशातील या रस्त्यावर स्टिअरिंग फारसे वळवावे लागत नाही. अशा वेळी पॉवर स्टिअरिंग बंद केल्यास गाडीचे ॲव्हरेज वाढेल काय, हा प्रश्न वाहनधारकांना पडणे स्वाभाविक आहे.

कार्यपद्धती :
द्रवचालित पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो व त्या दाबाने चाके वळविण्यास साहाय्य होते. वळण असो वा नसो, इंजिन सुरू असेपर्यंत पंप फिरतच राहतो. त्यामुळे उपरोक्त शंका निराधार म्हणता येत नाही. विद्युतचलित पद्धतीत मात्र मोटार प्रामुख्याने चाक वळवितानाच वीज घेते. जपानमध्ये 1988 साली सुझुकी सर्व्हो या मोटारीत ही पद्धती आली. ती असलेल्या गाडीत बचतीला फारसा वावच उरत नाही.

बचतीचे गणित :
द्रवचालित पंप काढल्याने दोन ते तीन टक्के इंधन वाचते असे मानू. लिटरला 15 किलोमीटर धावणाऱ्या गाडीस 100 किलोमीटरसाठी 6.67 लिटर इंधन लागते. म्हणजे अमरावती-अकोला प्रवासात बचत 130 ते 200 मिलिलिटर होईल.

संभाव्य धोके :
पॉवर स्टिअरिंगच्या गाडीतील दातेरी रचना यंत्राचे साहाय्य गृहीत धरून केलेली असते. ते साहाय्य काढले, की स्टिअरिंग जुन्या मारुती 800 पेक्षाही जड होते. रस्त्यात अचानक बैलगाडी अथवा जनावर आडवे आल्यास हाच जडपणा घातक ठरू शकतो. शिवाय अनेक गाड्यांत एकच बेल्ट पाण्याचा पंप व अल्टरनेटरही फिरवितो. तो काढल्यास बॅटरी उतरते व इंजिन तापते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर त्यास वेळ लागणार नाही.

पर्याय व निष्कर्ष :
हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी 100 वरून 80 किलोमीटर केल्यास तो 36 टक्क्यांनी घटतो आणि अकोल्यास पोहोचण्यास केवळ 15 मिनिटे अधिक लागतात. टायरमधील हवा योग्य ठेवल्यास इंधन वाचते व स्टिअरिंगही हलके राहते. सारांश, पॉवर स्टिअरिंग बंद करण्यामागील तर्क शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही. परंतु पेलाभर इंधनासाठी गाडीवरील ताबा गमावण्याचा धोका पत्करणे व्यवहार्य ठरत नाही. बचतीचा अधिक सुरक्षित मार्ग बेल्टमध्ये नसून चालकाच्या सवयींत आहे.