पुतळ्यातले अण्णा भाऊ आणि पुस्तकातले अण्णा भाऊ

२००२ साली अण्णा भाऊ साठे यांच्यावर टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. दोन्ही गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. पण एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. दर वर्षी १ ऑगस्टला जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या आमच्या किती तरुणांनी 'फकिरा' वाचली आहे?

प्रश्न कडू आहे, पण विचारलाच पाहिजे. कारण अण्णा भाऊ हे आधी वाचक होते, मग लेखक झाले. १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या या माणसाला शाळेने दीड दिवसही नीट टिकू दिले नाही. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत त्यांनी अक्षरे जुळवली. तिथून ते गॉर्कीपर्यंत पोहोचले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या, त्यांना वाचनाची ही भूक कळणार नाही. आम्हाला तरी ती कळायला नको काय?

लेखनाविषयी त्यांची भूमिका स्वच्छ होती. जे पाहिले, जे भोगले, तेच लिहायचे. नुसत्या कल्पनेच्या भराऱ्यांनी सत्य हाती लागत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले. आम्ही वकिलीच्या व्यवसायातले असल्याने आम्हाला हे चटकन पटते. कोर्टात ऐकीव माहितीला किंमत नसते, साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे लागते. ज्यांनी वेशीबाहेरचा वाडा कधी पाहिलाच नाही, अशांनी आमच्या जीवनावर पुस्तके लिहिली. अण्णा भाऊंची साक्ष मात्र प्रत्यक्षदर्शी होती. इंग्रज सरकारने संपूर्ण जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारून हजेरी लावली, तो अन्याय 'फकिरा'त जिवंत उभा आहे.

आणि त्यांचा विनोद? त्याकडे आमचे तर पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही लोकनाट्यांची नावेच पाहा! १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकातून ते शेटजीला आणि पुढाऱ्याला भर चौकात हसण्यावारी नेत. तमाशातला गणपतीचा गण काढून त्यांनी तिथे मातृभूमीला वंदन केले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानेही हेच शस्त्र वापरले होते. ज्याला माणूस हसतो, त्याची भीती त्याला उरत नाही. म्हणूनच तत्कालीन सरकारला या कलापथकावर बंदी घालावीशी वाटली. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊ म्हणाले, की पृथ्वीचा भार शेषनाग नव्हे, दलित-कष्टकऱ्यांचे हात वाहतात. एका वाक्यात पुराण उलटे झाले! याला म्हणतात विनोदाची धार.

आता मुद्द्याची गोष्ट. अण्णा भाऊ मार्क्सचे की आंबेडकरांचे, मांगांचे की सर्वांचे, असा वाद घालून आमच्यात फूट पाडणारे आज कमी नाहीत. त्यांना आमचे सांगणे आहे की, बाबांनो, 'फकिरा'चे पहिले पान उघडा. १९५९ सालच्या या कादंबरीला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आहे, पण अर्पण ती बाबासाहेबांच्या लेखणीला केली आहे. लाल झेंड्याखाली वावरलेल्या मातंग लेखकाने आपली सर्वश्रेष्ठ कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीपुढे ठेवली! मग आमच्यात भिंती बांधणारे तुम्ही कोण?

ज्याने पुस्तक उघडले नाही, त्यालाच फसवता येते. १९६९ साली अण्णा भाऊ गेले, ते दारिद्र्यातच गेले. मागे ठेवून गेले ती पुस्तके. तेव्हा येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने मिरवणुकीच्या खर्चातून 'फकिरा'च्या दहा प्रती घ्याव्यात आणि वस्तीत, विहारात, समाजमंदिरात तिचे जाहीर वाचन ठेवावे. मांगवाड्यातले वाचन ऐकायला बौद्धवाड्याने जावे आणि बौद्धवाड्यातले ऐकायला मांगवाड्याने यावे. पुतळ्याला हार घालून झाला असेल, तर आता पुस्तकाची पाने उलटू या!