माहिती झाकलेली, स्वभाव उघडा

मालिकेतल्या गूढ पात्राकडून प्रेक्षकाला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. त्याच्याविषयी बरेच काही दडलेले असावे आणि तरीही ते ओळखीचे वाटावे. नाव, गाव, पूर्वायुष्य कितीही काळ झाकून ठेवता येते. स्वभाव मात्र पहिल्या काही प्रसंगांतच दिसावा लागतो. तोही झाकला, तर प्रेक्षकाला तर्क बांधायला आधारच राहत नाही आणि कुतूहल विरून जाते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतला सिगारेट ओढणारा माणूस हे याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या भागात तो एक शब्दही बोलत नाही. एफबीआयच्या वरिष्ठांच्या खोलीत तो कडेला उभा राहून धूर सोडत असतो. त्याची ओळख कोणी करून देत नाही, त्याला कोणी हटकतही नाही, आणि त्याचा अधिकार किती मोठा आहे हे तेवढ्यावरूनच कळते. भागाच्या शेवटी तो नायकांच्या हाती लागलेला एकमेव पुरावा पेंटागॉनच्या अवाढव्य कोठारात नेऊन ठेवतो. तो कोण हे कळलेले नसते, पण तो काय करतो हे पक्के कळलेले असते.

१९९६ मधल्या एका भागात त्याचा भूतकाळ सांगितला गेला. त्यात केनेडींच्या हत्येमागे त्याचाच हात दाखवला आहे. पण लक्षात राहतो तो कादंबरीकार होण्याची आस बाळगणारा, प्रकाशकांचे नकार पचवणारा माणूस. अखेर एका मासिकात त्याची कथा छापून येते, पण तिचा शेवट परस्पर बदललेला असतो, आणि नोकरी सोडायला निघालेला तो राजीनामा फाडून टाकतो. ही सगळी हकीकत एका पात्राने कुठल्याशा नियतकालिकात वाचलेल्या गोष्टीवर बेतलेली असल्याने खरे किती, हे अनिश्चितच राहते. माणूस जवळ आला, कोडे मात्र सुटले नाही. पुढे तो नायकाचाच जन्मदाता ठरला आणि २०१८ मध्ये नायिकेच्या मुलाशीही त्याचे पितृत्व जोडले गेले, ते अनेक चाहत्यांना रुचले नाही. ते साहजिक होते. एका मोठ्या सत्तेचा चेहरा असलेला माणूस त्यामुळे घरगुती नात्यांपुरता उरला.

रहस्य उलगडताना खरी कसोटी लागते. चांगल्या उलगड्यानंतर आधी पाहिलेलेच प्रसंग वेगळे दिसू लागतात. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’मध्ये (१९९०) लॉरा पामरचा खून झाल्यावर तिचे वडील रडतात, मध्येच नाचतात, त्यांचे केस एका रात्रीत पांढरे होतात. प्रेक्षक त्याला दुःख समजतो. खुनी तेच आहेत हे कळल्यावर त्याच दृश्यांचा अर्थ पालटतो. उत्तर चोख होते. पण वाहिनीच्या दबावामुळे ते दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीच्या भागांतच द्यावे लागले, तेवढ्या वजनाचा दुसरा प्रश्न मालिकेकडे नव्हता, आणि १९९१ मध्ये ती बंद पडली.

लॉरा स्वतः पहिल्याच भागात मेलेली असते. तिच्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाची लॉरा निराळी निघते: वृद्धांना घरपोच जेवण देणारी, कोकेनच्या आहारी गेलेली, शाळेची लाडकी. गैरहजर पात्राला असे इतरांच्या बोलण्यातून उभे राहण्याची मुभा असते.

झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ने (२०१६) हीच वाट कोकणातल्या वाड्यात आणली. अण्णा नाईकांच्या मृत्यूने मालिका सुरू झाली आणि त्यांचा दरारा घरच्यांच्या वागण्याबोलण्यातून उमजत गेला. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली. माधव अभ्यंकरांनी साकारलेले हयात अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांनी साकारलेली त्यांची प्रेयसी शेवंता घरोघरी पोहोचले, शेवट ठाऊक असूनही. कारण प्रश्न बदलला होता: या माणसाची हाव आणि वासना घराला तिथवर नेते कशी? ‘काय झाले’पेक्षा ‘कसे झाले’ हा प्रश्न जास्त काळ पुरतो, आणि त्याचे उत्तर रोजच्या भागात थोडे थोडे देता येते. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात दोघेही भूत होऊन परतले. भुताच्या वागण्याला घराची, गावाची, शरीराची मर्यादा नसते. जिवंत अण्णा पुढे काय करतील याचा तर्क बांधता येत होता. भुताच्या बाबतीत तो बांधणे अवघड झाले.