तोल आणि मेंदू (लेखांक ५) : गाडी लागू नये म्हणून व्यायाम

अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल कशी टिपतात, ते मागच्या लेखात पाहिले. गाडी लागणाऱ्याच्या या नलिका बहुधा धडधाकटच असतात. उलट ज्यांचे दोन्ही अंतर्कर्ण पूर्ण निकामी झालेले असतात, त्यांना ना बस लागते ना बोट. म्हणजे दोष इंद्रियाचा नाही. घाटात मोबाइल पाहत बसलेल्याचे डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कान म्हणतो आपण वळतो आहोत, आणि मेंदूने बांधलेल्या अंदाजात हे बसत नाही. रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ साली हाच विसंगतीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. त्रास चुकलेल्या अंदाजाचा असेल, तर गोळीने मेंदूला गप्प बसवण्यापेक्षा सरावाने त्याचा अंदाज सुधारणे अधिक शहाणपणाचे.

याचा भक्कम दाखला ब्रिटिश हवाई दलाचा. विमान लागणाऱ्या शिकाऊ वैमानिकांना तिथे फिरत्या खुर्चीत बसवून डोके हलवायला लावतात आणि खुर्चीचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात; पुढे प्रत्यक्ष उड्डाणात तोच सराव होतो. यातले बहुसंख्य पुन्हा विमान चालवू लागतात. झोप आणणारी औषधे वैमानिकाला चालणारच नव्हती, म्हणून हा खटाटोप. आता कुणी म्हणेल, अशी खुर्ची आम्ही कुठून आणायची? वॉरिक विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात तर खुर्चीही नव्हती. आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्यासारखी कोडी दोन आठवडे, रोज पंधरा मिनिटे सोडवल्यावर त्रास निम्म्याहून अधिक घटला. हे प्रयोग लहान गटावरचे आहेत, त्यामुळे मी त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही. पण दिशा तीच दिसते. सराव मुरेपर्यंत हाताशी श्वास आहेच: मोजून, संथ श्वास घेण्याचा परिणाम नेहमीच्या औषधाच्या जवळपास निम्मा, पण तो लगेच मिळतो.

खरा आक्षेप डार्विनचा आहे. ‘बीगल’ जहाजावर १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे काढूनही त्याची समुद्राची मळमळ गेली नाही. मग सवयीने काय साधले? एक तर काही शरीरे खरोखरच हट्टी असतात, हे मान्य करायला हवे. दुसरे, नुसते हाल सोसणे म्हणजे सराव नव्हे. समुद्र डोस मोजून देत नाही. खुर्चीवरच्या सरावात मळमळीची चाहूल लागताच थांबतात, ओकारीपर्यंत ताणत नाहीत. उद्या पुन्हा तिथूनच पुढे. शिवाय कमावलेली सवय बरीचशी त्या त्या वाहनापुरती असते: बोटीवर मुरलेला खलाशी घाटातल्या बसमध्ये पिशवी शोधू शकतो. म्हणून सराव ज्या प्रवासासाठी, शक्यतो त्याच प्रवासाचा करावा. पुढच्या सीटवर, नजर लांब रस्त्यावर ठेवून, आधी छोटे अंतर. फार खंड पडला की सवय उतरते.

गाडी थांबून बराच वेळ झाला तरी गरगरत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर यातले काहीच करू नये. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. त्या चक्करीचे व्यायाम वेगळे, ते पुढच्या लेखात.