घर लहान झाले, धंदा लहान होऊ द्यायचा नाही

वडिलोपार्जित घर सोडून लहान घरात जाण्याची पाळी आपल्यातील अनेक कारागीर कुटुंबांवर येते. कधी कर्ज, कधी जुन्या इमारतीचा पुनर्विकास, कधी वाटणी, अशी त्याची कारणे असतात. आमच्यावर ती वाटणीमुळे आली. आमचा धंदा शिलाईचा. घर आणि कारखाना एकच. त्या स्थलांतरात आम्ही जे शिकलो, ते व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

अब्बांच्या इंतकालानंतर चार खोल्यांचे घर मागे राहिले. वारस पाच: अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. अब्बांचे आई-वडील आधीच गेले होते. "बहिणींकडून हक्कसोड पत्र लिहून घ्या, घर वाचेल," असा सल्ला चारचौघांनी दिला. बहिणींनी कदाचित सहीही केली असती. पण संकोचाने दिलेल्या सहीवर उभे राहिलेले घर आम्हाला नको होते. हिशेब सोपा जावा म्हणून देणी फेडल्यावर 48 लाख उरले असे धरू. त्यात अम्मीचा अष्टमांश 6 लाख. बाकीच्या 42 लाखांत प्रत्येक भावाचे 14 आणि प्रत्येक बहिणीचे 7 लाख. घर विकले, ज्याचे त्याला दिले, आणि अम्मीला घेऊन आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या 400 चौरस फुटांच्या दोन खोल्यांत आलो.

आधी मोजपट्टी, मग टेम्पो

पहिली चूक आमच्याकडून झाली ती हीच की, सारे सामान टेम्पोत भरून आणले. मोठे लाकडी कपाट जिन्यातच अडकले आणि मजुरी दोनदा द्यावी लागली. म्हणून सांगतो, नव्या घराची लांबी-रुंदी, दारे-खिडक्या आणि जिन्याचे वळण आधी मोजा. कागदावर नकाशा काढा आणि प्रत्येक वस्तू त्यात बसवून पाहा. जी कागदावर बसत नाही, ती घरातही बसणार नाही.

दुकानदार पडून राहिलेल्या मालाकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने घरातील सामानाकडे पाहावे. समजा, जागेचा भाव चौरस फुटाला 3,000 रुपये आहे. दहा चौरस फूट अडवून बसलेले निरुपयोगी कपाट 30,000 रुपयांची जागा खाते. जुन्या बाजारात त्याचे दोन हजार आले तरी तो सौदा फायद्याचाच.

मात्र सगळ्याच वस्तूंचा भाव करता येत नाही. अम्मीच्या जहेजमधील तांब्याच्या दोन देगा होत्या. त्या मोडीत घालण्याचे नाव काढताच अम्मी गप्प झाली. शेवटी तिनेच तोड काढली. देगा जमातीला दिल्या. आता मोहल्ल्यातील वलीम्यात त्या चुलीवर चढतात आणि "आमच्या देगेतली बिर्याणी" असे अम्मी मोठ्या खुशीने सांगते.

जमीन संपली, भिंती शिल्लक आहेत

कापणीचे टेबल दिवसभर लागते, रात्री नाही. आम्ही भिंतीला बिजागऱ्यांनी फळी बसवून घेतली. रात्री ती खाली सोडली की तेथेच बिछाना पडतो. बसण्यासाठी पेटीचा दिवाण केला. त्यात रजया, गाद्यांची खोळे आणि सणासुदीचे कपडे राहतात. दाराच्या वर माळा काढून त्यावर वर्षातून एकदा लागणारे सामान ठेवले. कागदी साचे गुंडाळून न ठेवता खिळ्याला टांगले. तागे भिंतीपासून दोन-तीन इंच दूर, फळीवर उभे ठेवावेत. नाही तर पावसाळ्यात ओल धरते.

कपड्याचे कातरण रोज उचलावे. लहान घरात स्वयंपाकाची चूल आणि कापड यांत अंतर कमी असते, हे विसरू नये. विजेच्या बाबतीतही सावध राहा. हजार वॅटची इस्त्री चार अँपिअरहून जास्त वीज ओढते. साध्या बोर्डावर दोन इस्त्र्या लावू नका. इस्त्रीसाठी जाड तारेचा वेगळा पॉइंट घ्या. मशीनच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले आणि रात्री नऊनंतर मशीन बंद ठेवले, तर खालच्या शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

गिऱ्हाईक आणि घरची माणसे

आरंभी गिऱ्हाइके तुटली, हे कबूल केले पाहिजे. बसायला जागा नाही, घरच्या बायकांना आडोसा नाही. मग आम्ही माप देण्या-घेण्याची वेळ संध्याकाळी चार ते सात ठरवली आणि मध्ये पडदा लावला. तयार कपडे आठवड्याच्या आत न नेल्यास घरपोच पोहोचवू लागलो. त्यामुळे घरातील गर्दी हटली आणि अडकलेली मजुरीही लवकर हाती येऊ लागली.

घर घेऊन उरलेली थोडी रक्कम फर्निचरवर उडवण्याचा मोह झाला होता. तो आवरून ओव्हरलॉकचे मशीन घेतले. पूर्वी त्या कामासाठी कपडे बाहेर पाठवावे लागत. बांधवांनो, असा पैसा पहिल्या सहा महिन्यांत खर्च करू नका. लहान घराची खरी गरज काय, ते तेथे राहिल्यावरच कळते.

ईदला दोन्ही बहिणी मुलाबाळांसह आल्या. फळी भिंतीला टेकवली, दस्तरखान अंथरला. दाटीवाटी झाली खरी, पण नजर चोरण्याची वेळ कोणावर आली नाही.