पीएच.डी.च्या आधीचा एक अभ्यासक्रम

एम.एस्सी. झाल्यापासून पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंतचे महिने विद्यार्थी बहुधा प्रवेशपरीक्षेच्या तयारीत घालवतात. याच काळात पदव्युत्तर पातळीचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर त्याचा काय उपयोग? बारामती-इंदापूर भागातील विद्यार्थ्याला सहज सुचेल असा एक प्रयोग घेऊन पाहू.

नीरा डाव्या कालव्याखालील काही जमिनी जादा पाण्यामुळे खारवट, चोपण झाल्या आहेत. दुष्काळ, क्षार अशा ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही २००९ पासून बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे आहे. तेव्हा क्षारांचा ज्वारीवर होणारा परिणाम अभ्यासावा, असे एखाद्याला वाटणे स्वाभाविक आहे. समजा, त्याने दोन कुंड्यांत प्रत्येकी दहा रोपे लावली. एकीला साधे पाणी दिले, दुसरीला खारे. महिन्याने उंची मोजली, सरासरीत फरक आढळला. हा फरक क्षारांमुळेच पडला का?

सांगता येणार नाही. दुसरी कुंडी सावलीत असेल, तिचे भोक बुजले असेल. ते तिच्यातल्या दहाही रोपांना सारखेच भोगावे लागते. म्हणजे मोजमापे वीस असली, तरी प्रत्येक पाण्याचा प्रयोग एकदाच झाला. कुंड्याच वीस हव्यात; कोणत्या कुंडीला कोणते पाणी आणि कोणती कुठे ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे. आपल्या मनाने निवडले, की चांगल्या कुंड्या नकळत एका बाजूला जातात.

ही चूक मागाहून आकडेमोडीने दुरुस्त होत नाही. संगणक कितीही चांगला असो. प्रयोगाच्या आखणीचे हे शास्त्र रोनाल्ड फिशर यांनी १९१९ नंतर इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे, शेतातल्या वाफ्यांवरच उभे केले. शेतकऱ्याच्या मुलाला ते परके वाटू नये.

पीएच.डी.च्या प्रवेशानंतर कोर्सवर्क असतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये ते सक्तीचे केले. २०२२ च्या नियमांनुसार त्याला किमान १२ श्रेयांक लागतात. पण तोवर कधी कधी कुंड्या भरूनही झालेल्या असतात! म्हणून सांख्यिकी आधी शिकावी, असे माझे मत आहे.

त्यासाठी पुण्याला खोली घेण्याची गरज नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्'वर एनपीटीईएलचे असे अभ्यासक्रम मिळतात. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे ३ श्रेयांक असतात. मात्र या प्रमाणपत्राने प्रवेश मिळत नाही, आणि कोर्सवर्कमधून आपोआप सूटही मिळत नाही. चार प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एकाच अभ्यासक्रमातले दर आठवड्याचे स्वाध्याय स्वतः सोडवलेले बरे.

शिक्षकांना हा मुद्दा अकरावीतही दाखवता येईल. मुगाच्या आठ कुंड्या, आठ चिठ्ठ्या आणि चिमूटभर मीठ पुरे. चिठ्ठ्या मुलांनाच उचलू द्याव्यात.